जन्मवेळ

पत्रिका करणं हा माझा धंदा नाही. नोकरी बँकेत झाली. वडील मात्र हौसेने पत्रिका मांडायचे. ते गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या आणि वह्यांच्या मागोमाग लोकांचे फोनही. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, इंदुरातल्या मराठी घरांत बाळ झालं की पेढे वाटायच्या आधी कुणीतरी मला वेळ कळवतं. पूर्वी सायकलवरून मुलगा चिठ्ठी घेऊन यायचा. आता व्हॉट्सॅप येतो: तारीख, वेळ, गाव, आणि आजोबांना राहवलं नाही तर वजनसुद्धा, जे मला कुठेच मांडायचं नसतं.

वेळ मिनिटाची लागते. लग्नराशी, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, एक अंश सरकायला चार मिनिटं पुरतात, नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तर तेरा-चौदा मिनिटांत पालटतो. त्यात आपल्या इंदूरची स्थानिक वेळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे. ही वजाबाकी आता कॉम्प्युटर करतो. वडील पेन्सिलीने करायचे आणि हातचा राहिला की स्वतःवरच चिडायचे. तुमचा पत्रिकेवर विश्वास किती, असं कुणी विचारलं की मी विषय चहाकडे नेतो.

पण वर्षानुवर्षं वेळा उतरवून एक गोष्ट नजरेत भरली. साडेदहा. सव्वाअकरा. पावणेचार. दोन वाजून दहा. वहीतल्या बहुतेक वेळांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच. बाळं काही पावतास बघून जन्माला येत नाहीत. वडिलांच्या जुन्या घटी-पळांच्या पत्रिका तरी नेमक्या असतील म्हणून त्या काढून बसलो. तिथे ‘घटी 11, पळे 35’ असा रुबाब. एक घटी म्हणजे चोवीस मिनिटं, एक पळ म्हणजे चोवीस सेकंद, म्हणजे सेकंदापर्यंत हिशेब! पण उलटं गणित केल्यावर तिथेही आतून साडेदहाच निघाले. बाळंतिणीच्या खोलीतून सुईण ओरडली असणार, ओसरीवर कुणी तरी भिंतीकडे पाहिलं असणार, आणि त्या अंदाजातून सूर्योदय वजा करून, अडीचपट करून ही पळं काढलेली.

माझी भाची जवळच्या एका जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स आहे. आधी लेबर रूमला होती, आता नवजात बाळांच्या युनिटला, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात. थंडीत चार दिवस आमच्याकडे आली होती. मटार सोलता सोलता तिने वही ओढली, दोन पानं पाहिली आणि म्हणाली, “मामा, साडेदहा म्हणजे कुणी घड्याळ पाहिलेलंच नाही. बाळ झालं, वार पडली, टाके घातले, बाईला बाहेर काढलं, मग रजिस्टर उघडून मनगटाकडे बघत अंदाजाने मागे गेले.”

मी म्हटलं, पाच मिनिटांनी एवढं काय बिघडतं? तुमच्याकडे थोडाच नवमांश असतो.

त्यावर ती उठली, भाजीच्या टोपलीतून दुधी काढला, नळाखाली धरून ओला केला आणि ओट्यावर ठेवला. दुधी दीडेक किलोचा असेल. “हे बाळ,” ती म्हणाली. “सेकंद मोजा.” आणि मी मोजू लागलो. तिने पंचा घेऊन दुधी खसाखसा पुसला, डोक्याकडून सुरुवात करून, पाठीवर जोर देऊन. ओला पंचा बाजूला फेकला, दुसऱ्या कोरड्या पंचात गुंडाळला. इथपर्यंत माझे पंधरा झाले होते. मग तोंड किंचित वर, मान ना मागे ना पुढे. श्वास घेतोय का? नाही. पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. तीस. अजून नाही. मग हाताची मूठ करून तिने मास्क लावल्यासारखं धरलं: हनुवटी, तोंड, नाक आत, डोळे बाहेर. आणि दुसऱ्या हाताने नसलेली पिशवी दाबायला लागली. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. “छाती उचलली जातेय का बघायचं. नसेल तर मास्क सुटलाय.” माझे साठ व्हायच्या आत पहिला दाब पडला होता. ओट्यापाशी उभी बायको म्हणाली, आता त्या दुधीची भाजी करायची का बारसं?

शंभरातली साधारण पंच्याऐंशी बाळं कुणाच्या मदतीशिवाय श्वास घेतात. दहाएक पुसल्या-चोळल्याने घेतात. उरलेल्यांतल्या बहुतेकांना ही पिशवी, म्हणजे अंबू बॅग, लागते; त्यापलीकडची औषधं, नळ्या फार थोड्यांना. म्हणजे मोठं यंत्र नको, ऑक्सिजनही सुरुवातीला नको, साधी हवा चालते. मास्क दोन मापांचे असतात, शून्य नंबर लहान बाळाला, एक नंबर पूर्ण दिवसांच्याला. पण ते हाताशी हवेत, कुलपात नकोत. भाचीने काम केलेल्या एका ठिकाणी ते कपाटात होते आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरबरोबर घरी जायची. हे पहिलं मिनिट कुठून सुरू झालं ते माहीत नसेल तर ते संपलं कधी, हेही कळत नाही. म्हणून लेबर रूमच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ असावं असा नियमच आहे. ते असतंही. चालू असतं का, आणि बाळ बाहेर येताक्षणी तिकडे बघून मोठ्याने वेळ सांगणारं कुणी असतं का, हा पुढचा भाग.

न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी 1952 मध्ये बाळाला दहापैकी गुण द्यायची पद्धत काढली. ठोके, श्वास, ताकद, प्रतिक्रिया, रंग; प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. एका मिनिटाला एकदा, पाचव्या मिनिटाला पुन्हा. जगभर हीच पद्धत चालते. भाची म्हणते, तिने पाहिलेल्या फायलींत पानामागून पान ‘आठ, नऊ’ असतं. रडलेल्या बाळाला आठ-नऊ, उशिरा रडलेल्यालाही आठ-नऊ. आणि मग तेच ‘आठ-नऊ’ बाळ दुसऱ्या दिवशी झटके येतात म्हणून रेफर होऊन तिच्याकडे पोचतं. तिथल्या डॉक्टरांना जन्माच्या वेळी काय झालं ते जाणून घ्यायचं असतं आणि कागद सांगतो, सगळं छान होतं.

जोश्यांमध्ये जुना वाद आहे: जन्मवेळ कोणती धरायची? डोकं दिसलं ती, बाळ पूर्ण बाहेर आलं ती, पहिलं रडलं ती, की नाळ कापली ती? वडील रडण्याच्या बाजूचे होते. डॉक्टरांच्यात हा वाद नाही. बाळ पूर्ण बाहेर आलं ती वेळ, रडो न रडो. नाळेची गोष्ट मात्र तिकडेही बदलली. पूर्वी लगेच चिमटा लावून कापायचे. आता बाळ ठीक असेल तर निदान एक मिनिट थांबा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळात येतं आणि पुढे काही महिने लोहाला कमी पडत नाही. म्हणजे नाळेच्या वेळेवर पत्रिका मांडणाऱ्यांना आता आणखी एक-दोन मिनिटांचा घोळ.

वजनाची कथा तर वेळेहून मजेशीर. आजोबांनी उत्साहाने कळवलेली वजनं मी वहीच्या समासात लिहून ठेवतो. अडीच किलो, अडीच किलो, तीन किलो, अडीच किलो. भाची हसली. अडीच किलोच्या खाली बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं. त्याची नोंद वेगळी, त्याची काळजी वेगळी, आशाताईच्या जास्त फेऱ्या. अडीच लिहिलं की सगळ्यांची सुटका. आपल्या देशाच्या आकडेवारीत अडीच किलोवर असा ढीग जमलेला दिसतो, हे अभ्यासकांनाही ठाऊक आहे. दोन किलो तीनशेचं बाळ कागदावर अडीचचं होऊन घरी जातं, अंगाला थंड लागतं, दूध ओढायला थकतं, आणि घरचे म्हणतात, शांत आहे हो फार, रडतच नाही.

माझा राग सिस्टरांवर नाही, हे आधीच सांगतो. रात्रपाळीला एक सिस्टर, टेबलांवर तीन बायका, एक रडतेय, एकीचा रक्तदाब वाढलाय, बाहेर कुणी नातेवाईक दार ठोकतोय. घड्याळाकडे कोण बघणार? भाचीच्या युनिटमध्ये तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी असं कागद सांगतो. तिथे एका वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पलंगावर, दोन बाळं आडवी ठेवायची वेळ तिने पाहिली आहे. एकाचा जंतू दुसऱ्याला लागायला याहून सोपी सोय नाही.

2025 च्या ऑगस्टअखेरीस आपल्याच शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि दोन्ही बाळं गेली. मृत्यूचं कारण आधीचे गंभीर आजार, असं इस्पितळाचं म्हणणं होतं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणारं शहर आपलं. लोक महिनाभर उंदरांबद्दल बोलत होते, बरोबरच होतं. भाचीलाही सगळे तेच विचारत. तुझ्याकडे एका पाळीत बाळं किती आणि सिस्टर किती, हे तिला कुणी विचारलं नाही.

इथे दोन आकडे शेजारी ठेवतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. मध्य प्रदेश नव्वदीच्या पुढे. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, पैसे मिळायला लागले, जननी एक्सप्रेस ही गाडी गावात यायला लागली, बायका दवाखान्यात पोचल्या. मोठं काम झालं, त्यात शंका नाही. आणि त्याच पाहणीत पहिल्या तासाच्या आत आईचं दूध मिळालेली बाळं: 41.8 टक्के. ज्या कामाला खर्च शून्य, औषध शून्य, आणि ज्याने जंतुसंसर्ग कमी होतो, अंग गरम राहतं, ते दहापैकी सहा बाळांच्या वाट्याला वेळेत येत नाही. बाई दवाखान्याच्या दाराच्या आत आली, हे आपण मोजलं. आत आल्यावर पुढचा तासभर काय झालं, याची मोजदाद आत्ता कुठे सुरू झाली आहे. 2017 च्या ‘लक्ष्य’ योजनेत लेबर रूमची तपासणी होते, गुण मिळतात, प्रमाणपत्र मिळतं. 2023 च्या सरकारी नमुना नोंदणीत मध्य प्रदेशात हजारी 37 बाळं वर्षाच्या आत जातात. देशाचा आकडा 25, केरळचा 5. आणि जाणाऱ्यांतली बहुतेक पहिल्या महिन्यातच.

पहिल्या महिन्यातही पहिला आठवडा सगळ्यात वाईट. नवजात मृत्यूंपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश त्या सात दिवसांतले. आपल्याकडे सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, आणि बारसं बाराव्या दिवशी. त्याआधी नाव नाही. जुन्या बायकांनी आकडेवारी पाहिली नव्हती, पण घरातली बाळं मोजली होती. विळ्याने नाळ कापल्यावर होणारा धनुर्वात पहिला आठवडा सरता सरताच गाठायचा, म्हणून त्याला आठव्या दिवसाचा रोग म्हणायचे. तो आता देशातून जवळपास गेला. 2015 मध्ये तशी अधिकृत मोहोरही उमटली. टिटॅनसची सुई, स्वच्छ ब्लेड, धुतलेले हात. एवढ्यावर सटवाईचं लिखाण बदललं.

माझी वही पेढ्यांपासून सुरू होते. म्हणजे माझ्याकडे फक्त जगलेल्यांच्या वेळा आहेत. न रडलेल्या बाळाची वेळ मला कुणी कधी कळवली नाही, कळवायचं कारणही नाही. पण इस्पितळाच्या रजिस्टरातही त्याची वेळ सैलसर असते, असं भाची म्हणाली तेव्हा मटाराच्या शेंगा माझ्या हातात तशाच राहिल्या. बाळ रडलं नाही, हललं नाही, पण ठोके चालू होते, आणि कुणी पिशवी दाबली नाही, तर ते ‘मेलेलं जन्मलं’ असं लिहायला एक ओळ पुरते. ठोके पाहिलेच नाहीत तर खोटं लिहिलं असंही नाही. म्हणूनच शहाण्या लोकांनी 28 आठवड्यांनंतर पोटात गेलेली आणि जन्मल्यावर सात दिवसांत गेलेली अशी दोन्ही बाळं एकाच आकड्यात मोजायची पद्धत ठेवली. रकाना बदलून बेरीज बदलत नाही.

मग उपाय काय, यादी करायची? ते करून झालं आहे. ज्यांचे वडील विदर्भातल्या उमरखेडकडचे त्या अमेरिकेतल्या डॉ. अतुल गावंडे यांच्या गटाने शेजारच्या उत्तर प्रदेशात 120 दवाखान्यांत, दीड लाखाहून जास्त बाळंतपणांवर एक मोठा प्रयोग केला. बाळंतपणाची चेकलिस्ट, आणि ती नीट वापरायला शिकवणारा माणूस सोबत. 2017 मध्ये निकाल आला. हात धुणं, तापमान बघणं, बाळाला आईपाशी देणं, सगळं वाढलं. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. मला हा निकाल फार प्रामाणिक वाटतो. असे निकाल लोक सहसा कपाटात ठेवतात. भाचीला त्यात नवल वाटलं नाही. ती म्हणाली, खूण करायला शिकवलं, पण पिशवी दाबायचा सराव कुणाला? रक्त कुठे? रात्री सिझेरियन करणारा डॉक्टर कुठे? आणि शिकवणारा गेला की खुणाही कमी होतात.

याच्या उलट गडचिरोलीची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. बंग दांपत्याने 39 गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना बाळ तपासायला, श्वास सुरू करून द्यायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं की नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. आज आशाताई घरी येऊन बाळ बघते ते त्याच कामातून. त्या बायकांच्या मागे इमारत नव्हती. पण त्यांना तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावलं जाई आणि कुणीतरी येऊन बघे.

खाजगीत वेगळाच खेळ. तिथे वेळ नेमकी असते, कारण आधीच ठरवलेली असते. उज्जैन इथून तासाभरावर, पंचांगाची मध्यरेषा दारातून गेल्यासारखी, त्यामुळे मुहूर्ताची हौस आपल्याकडे दांडगी. गेल्या वर्षी विजय नगरकडून एका होणाऱ्या बापाचा फोन आला. “काका, गुरुपुष्य आहे, त्यात सकाळचं लग्न काढून द्या, डॉक्टर तयार आहेत.” मी विचारलं, आठवडे किती? छत्तीस संपून सदतिसावा संपत येईल म्हणाला, नववा लागलाच आहे की काका. काही वैद्यकीय कारण? नाही, सिझेरियन करायचंच आहे तर चांगल्या दिवशी. मी म्हटलं, कारण नसताना ठरवून करायचं तर 39 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. त्याआधी काढलेल्या बाळांना धाप लागण्याचं प्रमाण जास्त असतं, फुप्फुसातलं पाणी निघालेलं नसतं. दोन आठवड्यांनंतरचे तीन दिवस देतो. तो गप्प झाला. मग अगदी अदबीने म्हणाला, “काका, हे तुम्ही पत्रिकेतलं सांगताय की डॉक्टरकीतलं?”

मुहूर्त त्याला दुसरीकडून मिळाला. मुलगी छान आहे. जन्मल्यावर दोन रात्री काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, आई तिसऱ्या मजल्यावर आणि ती तळमजल्यावर. गुरू मात्र लग्नी आहे.

त्या दोन रात्री आईच्या छातीशी गेल्या असत्या तर? कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवायचं, ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. गरिबाची सोय म्हणून लोकांनी नाक मुरडलं. 2021 मध्ये पाच देशांतला अभ्यास आला, दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी दिलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी. त्यासाठी आईचा पलंग युनिटच्या आत न्यावा लागतो. आमच्याकडच्या बहुतेक युनिटांच्या दारावर पाटी असते: ‘परिजनों का प्रवेश वर्जित है’. भाची म्हणते, आई ‘परिजन’ कशी काय?

हल्ली वेळ सांगायला फोन आला की मी आणखी थोडं विचारतो. वेळ कुणी पाहिली? बाळ लगेच रडलं का? वजन काट्यावरचं की सांगोवांगी? पहिल्यांदा दूध कधी पाजलं? आत बाईबरोबर घरचं कोण होतं? सरकारी दवाखान्यात घरची एक बाई सोबत राहू शकते, 2016 पासून तशी परवानगी आहे, पण हे कित्येकांना माहीतच नसतं. बाप बहुधा गडबडतो आणि फोन बायकोकडे देतो. तिला सगळं आठवत असतं. एकीने सांगितलं, बारा वाजून सतरा मिनिटं, सिस्टरने ओरडून सांगितलं आणि तोंड माझ्या छातीला लावून दिलं. वहीत असा सतरा क्वचित येतो.

रामबागेतल्या एका आजींना मात्र माझे प्रश्न आवडले नाहीत. तीन प्रश्नांपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. चौथ्याला म्हणाल्या, “तुमचे वडील नुसती वेळ घ्यायचे हो. तुम्ही पत्रिका करताय की आमचं रेशनकार्ड?” मी म्हटलं, आजी, वेळ तरी सांगा. “साडेदहा,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “सुनेला विचारून सांगते.”